झाकण उचलणारा

रोज सकाळी दुकानाचं शटर वर ढकललं की बोक-सिल आधी किटली चढवायची. पाण्याला उकळी फुटून झाकण थडथडायला लागलं की ती किटली दोन्ही हातांनी उचलायची आणि दाराशी ठेवलेल्या जाड पाटावर ओतायची. पाट गिंकोच्या लाकडाचा होता, सुरीने झिजून मधोमध खोलगट झालेला. वाफ थेट तोंडावर यायची, पण बोक-सिल मान मागे घ्यायची नाही. "घे," म्हणायची. "गरम गरम घे. पोरंबाळं असतील तर त्यांनाही दे." मग पाट भिंतीला टेकवून उन्हात उभा करायची आणि वाम मासळीच्या सूपाचा टोप चुलीवर ठेवायची.

त्या पाटावर मासा कापला जाऊन वर्षं लोटली होती.

"बोक-सिल, मेला असेल गं तो एव्हाना," शेजारी सुकी मासळी मांडून बसणारी उम बाई म्हणायची. "एवढ्या पाण्यात दगडसुद्धा शिजला असता."

"मेला असेल तर मढ्यावर ओतते. तुझं काय जातं?"

"माझी मासळी ओली होते, ते जातं."

"मग सरकव तिकडे. एवढ्या वर्षांत टोपली हलवायची अक्कल आली नाही तुला."

दोघी हसायच्या. हसता हसता बोक-सिल उरलेलं पाणीही पाटावर ओतून टाकायची.

कोरियाच्या किनाऱ्यावरच्या यॉसूच्या त्या बाजारात तिचं कधीकाळी कच्च्या मासळीचं दुकान होतं. तिच्या हातचे काप इतके पातळ असत की बशीवरची निळी नक्षी त्यातून दिसायची. नवरा ब्योन ह्यो-सिक दारू पिणारा, हसतमुख आणि बोलघेवडा. दुकानात बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारणं हेच त्याचं काम, आणि तो ते मन लावून करायचा. सोजू दारूने त्याचं यकृत पोखरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की उन्हाळ्यात कच्ची मासळी तोंडात घालायची नाही. बोक-सिलने ते पाळलं होतं. एक दिवस सोडून.

उन्हाळा सरत आला होता. चॉनओ माशाला चरबी धरायचे ते दिवस. ह्यो-सिकचा थोरला भाऊ ह्यो-गन बादलीत जिवंत मासे घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या विक्रीच्या टाकीतले, उड्या मारणारे. "यांना विस्तवावर घालशील तर पाप लागेल," तो म्हणाला. ह्यो-सिकने बायकोकडे बघितलं, लहान मूल बघतं तसं. बोक-सिल आधी नाही म्हणाली. मग दोघं भाऊ हसायला लागले, आणि त्या हसण्यात तीही आली. तिने सुरी घेतली. तिघांनीही खाल्लं. ह्यो-गनला काही झालं नाही. तिलाही काही झालं नाही. ह्यो-सिकला दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरली, पायांवर काळेनिळे फोड आले, आणि चॉनओचे दिवस संपायच्या आत तो गेला.

अंत्यविधीच्या दालनात माणसं लाल रश्श्याचे वाडगे पुढ्यात घेऊन बसली होती. ह्यो-गन मधेच उभा राहिला. त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "कापलं कोणी?"

बोक-सिल वाढत होती. तिने हातातला वाडगा खाली ठेवला. "आणलं कोणी?" ती म्हणाली.

ते दोन प्रश्न त्या दालनातून बाहेर पडले ते बाजारात राहायला आले. काही जण एक विचारत, काही दुसरा. बोक-सिलच्या दुकानाची कच्ची मासळी कोणी खाईना, आणि ह्यो-गनच्या टाकीतले मासे कोणी घेईना. तिने फलक उतरवला आणि सूपाचं दुकान घातलं. "यापुढे माझ्या हातून जे जाईल ते उकळून जाईल," असं तिने उम बाईला सांगितलं. तेव्हापासून गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणू लागली. कच्च्या मासळीच्या दुकानात ती मालकीणबाई होती.

मुलगी सू-रिम तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. इस्पितळात डॉक्टरांनी रक्तातल्या जंतूचं नाव सांगितल्यावर आईने विचारलेलं तिला लख्ख आठवायचं. आई रडत नव्हती. "तो दिसतो कसा?" एवढंच तिने विचारलं. डॉक्टरांनी कागदी रुमालावर एक बारीकशी वाकडी रेघ काढली, स्वल्पविरामासारखी.

"एवढासा?" आई म्हणाली. "एवढ्याशाने माझा माणूस नेला?"

सू-रिम जीवशास्त्र शिकली, ग्वांगजूच्या विद्यापीठात गेली, आणि पुढे तिथल्याच एका प्रयोगशाळेत राहिली. तिथे प्रथिनांचे स्फटिक करून त्यांची घडण शोधत. लोक म्हणायचे, बापासाठी गेली. सू-रिमला ठाऊक होतं की ती त्या स्वल्पविरामासाठी गेली होती. बाप तिला हळूहळू अंधूक झाला. आईचा तो प्रश्न मात्र होता तसाच राहिला.

एका चुसोकच्या सणाला दोघी तांदळाच्या पिठाचे गोळे वळत बसल्या होत्या. आईने विचारलं, "तू तिथं करतेस तरी काय? फ्रिजपुढे बसतेस म्हणे दिवसभर."

सू-रिमने पिठाचा गोळा हातात घेऊन सांगितलं. "हा जंतू उन्हाळ्यात समुद्रात सगळीकडे असतो. विष बनवायची कृती त्याच्या पोटात लिहिलेली असते, पण एरवी त्यावर झाकण असतं. एक प्रथिन त्यावर बसलेलं असतं, उठू देत नाही. तो माणसाच्या उबदार रक्तात गेला, तिथं त्याला मोकळं लोह मिळालं, की दुसरं एक प्रथिन येतं आणि पहिल्याला बाजूला ढकलतं. मग विष बनायला लागतं. बाबांचं यकृत बिघडलेलं, त्यामुळे रक्तात लोह भरपूर होतं."

आईचे हात थांबले. "म्हणजे झाकण उचलणारा एक आहे."

"आहे."

"त्याला हात आहेत?"

"हातांसारखं काहीतरी असणार. त्याशिवाय पकडणार कसा? पण नेमकं कुठं पकडतो, कसं वाकवतो, ते बघायचंय."

"रंगेहाथ पकड मेल्याला," आई म्हणाली. "आणि त्याचा फोटो आण मला. मोठा. ह्यो-गनच्या नाकासमोर धरते आणि म्हणते, घ्या भाऊजी, कापलं कोणी विचारत होता ना? हा बघा कापणारा."

बोक-सिलला आयुष्यात आणखी काही नको होतं. दुकान बरं चाललं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण ती त्यांना जुमानत नव्हती. तिला फक्त तेवढा एक क्षण हवा होता, दिराच्या तोंडाचा रंग उडताना बघायचा.

ह्यो-सिकच्या श्राद्धाला दरवर्षी ह्यो-गन यायचा. खरं तर थोरल्याने धाकट्याच्या पानापुढे वाकायचं नसतं, म्हणून तो आला नसता तरी कोणी बोट ठेवलं नसतं. पण तो यायचा, भिंतीला टेकून बसायचा, सू-रिमने केलेले नमस्कार बघायचा. पानावरचं उतरवून सगळे जेवायला बसले की तो उठायचा. बोक-सिलच्या हातचं त्याने त्या दिवसापासून तोंडात घातलं नव्हतं. ती तरीही त्याच्यासाठी डबा भरायची. मुळ्याचं सूप, भाज्या, तळलेले काप, पेअरच्या फोडी. तो डबा दाराशी, जोड्यांजवळ ठेवलेला तसाच राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बोक-सिल तो उघडून एकटीच बसून खायची, एकेक घास चावून चावून.

"का भरतेस मग?" सू-रिम विचारायची.

"न्यावा लागू नये म्हणून किती वाकडातिकडा होऊन जोडे घालतो, बघितलंस का? त्यासाठी भरते."

स्फटिक काही जमत नव्हते. प्रथिन शुद्ध करायचं, थेंबात लटकवायचं, थंड खोलीत ठेवायचं, आणि वाट बघायची. थेंबात कधी गाळ दिसायचा, कधी मिठाचे खडे. मग एका वसंतात, चेरीचा बहर गळून गेल्यावर, सू-रिमला थेंबात एक स्फटिक दिसला. टोकदार, निर्मळ. मागोमाग आणखी. पोहांग शहरात क्ष-किरण तयार करायची एक भलीमोठी गोल इमारत आहे, तिथे नेऊन त्यांच्यावर ते सोडले. ठिपके आले, पण विरळ. त्यांच्यावरून निघालेला नकाशा धुक्यातल्या डोंगरासारखा होता. प्रयोगशाळेचे प्रमुख मेंग सर संगणकासमोर खुर्चीच्या कडेवर बसले होते. झाकण उचलणाऱ्याच्या एका लांबच्या भाईबंदाची घडण ठाऊक होती. तीच त्या धुक्यात बसवायची, असं त्यांनी ठरवलं.

"बसतंय, सू-रिम," ते म्हणाले. "थोडं ओढावं लागतंय, पण बसतंय."

"सर, हे वळण बाहेर येतंय."

"येऊ दे. पुढच्या स्फटिकात आत जाईल."

परिषदेत भिंतीवर लावायला एक रंगीत चित्र तयार झालं. लाल, निळ्या, पिवळ्या गुंडाळ्या, फितींसारख्या वळलेल्या. सू-रिमने त्याची एक मोठी प्रत काढून घरी नेली. तिने आईला सांगितलंही की अजून थोडं काम बाकी आहे. आईच्या कानांनी ते घेतलं नाही. तिने चित्र हातात धरलं, लांब केलं, जवळ घेतलं.

"हा?"

"हा."

"दिसायला फुलासारखा आहे हरामखोर."

तिने काचेची चौकट करून घेतली आणि चित्र दुकानात, नेमकं चुलीसमोर लावलं. रोज सकाळी पाटावर किटली रिकामी झाली की ती चित्राकडे वळून बघायची, आपण काय केलं ते त्याला दिसलं ना याची खात्री करत असल्यासारखी. गिऱ्हाइकांना सांगायची. उम बाईला तर इतक्यांदा सांगितलं की उम बाईच नवख्या माणसाला समजावू लागली, "तो लाल आहे ना, तो मेन."

त्या वर्षी श्राद्धाच्या संध्याकाळी तिने ती चौकट घरी आणून पानासमोरच्या भिंतीवर टांगली. ह्यो-गन आला. जोडे काढले. चित्र बघून उभाच राहिला.

"भाऊजी, ओळख करून देते," बोक-सिल म्हणाली. "हा. पोरीने पकडला. तुम्ही दालनात विचारलं होतं ना, त्याचं उत्तर."

बराच वेळ ह्यो-गन चित्रातल्या वळणांवरून नजर फिरवत राहिला, काहीतरी हरवलेलं शोधावं तसा. मग भिंतीशी जाऊन बसला. त्याच्या तोंडाचा रंग उडाला की नाही, ते दिव्याच्या उजेडात नीट कळलं नाही. डबा दाराशीच राहिला. पण त्या रात्री बोक-सिल गाणं गुणगुणत भांडी घासत होती, आणि सू-रिमने आईला गुणगुणताना पूर्वी कधी ऐकलं होतं ते तिला आठवेना.

थंडीत जास्त चांगले स्फटिक मिळाले. नकाशातलं धुकं उठलं, आणि एकेक कडी स्पष्ट दिसायला लागली. कड्या जुळेनात. जिथं लहान कडी असायला हवी तिथं मोठी, जिथं वळण असायला हवं तिथं सरळ. सू-रिमने स्फटिकाची मापं जुन्या, ओळखीच्या स्फटिकांच्या संग्रहाशी ताडून बघितली, आणि उत्तर तत्काळ आलं. ते प्रथिन मारेकऱ्याचं नव्हतंच. प्रयोगशाळेत प्रथिनं बनवून घ्यायला जो पाळीव जंतू वापरतात, त्याचं स्वतःचं प्रथिन होतं. शुद्ध करताना चिकटून आलं होतं. थोडंच होतं, पण स्फटिक व्हायला एकदम राजी.

"हा पाहुणा प्रत्येकाच्या घरी एकदा जेवून जातो," मेंग सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. "माझ्या घरी दुसऱ्यांदा आला. मला तरी ओळखायला हवा होता."

सू-रिम बस पकडून आईकडे गेली. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आई घरात वामाचे काटे काढत होती. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे मी इतके महिने भलत्यालाच शिव्या घातल्या?"

"हो."

"मग हा कोण आहे?"

"आमच्या घरचाच. आम्ही ज्याच्याकडून राबवून घेतो, त्याचा. निरुपद्रवी आहे बिचारा."

"मग हा कशाला आला मधे?"

"जवळ होता म्हणून सापडला, आई."

बोक-सिलने एक लांब काटा ओढून बाजूला ठेवला. चौकटीकडे बघितलं. सू-रिम ती उतरवायला उठली.

"राहू दे," आई म्हणाली. "खिळा चांगला बसलाय. आणि ह्यो-गनला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं? तू खरा आण. लवकर आण."

खरं प्रथिन हट्टी होतं. त्याच्या नुसत्या सुया यायच्या, केसासारख्या बारीक, क्ष-किरणांच्या काही उपयोगाच्या नाहीत. अशा वेळी या धंद्यात एक जुनी युक्ती करतात. मांजराची मिशी घ्यायची. ती कडक असते आणि टोकाशी निमुळती होत जाते. मोडलेल्या स्फटिकावरून तिचं टोक फिरवायचं, आणि मग तेच टोक ताज्या थेंबातून ओढायचं. मिशीला लागलेले कण थेंबात राहतात आणि त्यांच्यावर नवे स्फटिक वाढतात, विरजण लावावं तसं. मिशी उपटायची नाही, गळालेली वेचायची.

बाजारात एक पिवळं, एका कानाचं मांजर होतं. वाळवलेल्या गोड मासळीचा अख्खा पुडा पळवला म्हणून उम बाईनेच त्याचं नाव ज्वीपो ठेवलं होतं, त्या मासळीचंच. बोक-सिल त्याला आजवर लाथेने हाकलत असे. आता ती त्याला वामाचं डोकं घालायला लागली.

"काय गं, जावई करून घेतेस का त्याला?" उम बाईने विचारलं.

"मिश्या हव्यात मला त्याच्या."

"नवऱ्याच्या नव्हत्या का पुरेशा?"

ज्वीपो जिथं झोपायचा ते गोणपाट बोक-सिल दर दोन-चार दिवसांनी उन्हात झटकायची आणि चष्मा लावून वेचायची. सापडलेल्या मिश्या दातकोरण्यांच्या नळीत घालून, किमची लोणच्याच्या डब्याबरोबर ग्वांगजूला धाडायची. फोनवर सांगायची, "या वेळचं टोक फार झकास आहे. सुरीला असं टोक असतं तर मी राणी झाले असते." स्वतःच्या तोंडाने सुरीचं नाव तिने इतक्या वर्षांनी घेतलं होतं. फोन ठेवल्यावर सू-रिमच्या लक्षात आलं.

ज्वीपोच्या मिशीने काम केलं. थेंबात ओढलेल्या रेघेवर स्फटिक उगवले, पेरलेल्या वाफ्यासारखे. पोहांगला त्यांनी स्वच्छ, धारदार ठिपके दिले. या वेळी सू-रिमने एकही वळण ओढून बसवलं नाही. कडीन्‌कडी आपसूक जुळली. प्रथिन जोडीने उभं होतं, दोन अर्धे पाठीला पाठ लावून, आणि प्रत्येकाचा एक पंख खाली उतरून जनुकाच्या पिळात रुतलेला. जनुक थोडं वाकलं होतं. त्याने झाकण ढकलायला नेमका कुठं जोर लावला, ते दिसत होतं. सू-रिम त्याच्याकडे बघत बसली. तिला वाटलं होतं, या क्षणी राग येईल. तिला ते सुंदर वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

श्राद्धाच्या दिवशी दुपारीच ती घरी पोचली. आई तळणीजवळ बसली होती. हात पुसून तिने चित्र घेतलं.

"हा?"

"हा. या वेळी नक्की."

बोक-सिल ते बराच वेळ निरखत राहिली. मग बोट न लावता, वरूनच फिरवत तिने विचारलं, "यात माझी सुरी कुठे आहे?"

"नाही."

"पाट?"

"तोही नाही. सुरी धुतली, नाही धुतली, कोणी कापलं, याचा यात काही संबंध नाही."

आईने डोळे मिटले. तिच्या छातीतून एक श्वास असा बाहेर पडला की जणू तो त्या दालनातच कधीतरी आत घेतलेला होता. तळणीतला काप करपायला लागला तरी तिने तो उलटला नाही. मग डोळे उघडून ती म्हणाली, "आणि त्याचा मासा?"

सू-रिमने तळणीखालचा जाळ बारीक केला. खोटं बोलता आलं असतं. "तोही नाही, आई. उन्हाळ्यात हा कुठल्याही माशात असतो. मोठ्या काकांनी नसता आणला तर शेजाऱ्याच्या माशात असता. बाबांच्या रक्तात त्याला हवं ते मिळालं, एवढंच."

"म्हणजे तो सुटला."

"तुम्ही दोघंही सुटलात."

"दोघं नको," बोक-सिल म्हणाली. "मला एकटीला सुटायचंय."

तिने चित्राची सुरळी केली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात, रजयांच्या खाली सारून दिली. मग येऊन करपलेला काप चुलीच्या कडेला टाकला आणि नवा घातला. भिंतीवर जुनी चौकट टांगलेली होती, फुलासारखी.

संध्याकाळी ह्यो-गनला त्याच्या मुलाने गाडीतून आणून सोडलं. एका वर्षात तो खूप वाकला होता. काठी टेकत आत आला. पण भिंतीशी जाऊन बसला नाही. नमस्कार झाले, पान उतरलं, तरी तो चौकटीपुढेच उभा होता.

"सू-रिमच्या आई," तो म्हणाला. "गेल्या खेपेलाच विचारायचं होतं. जीभ उचलली नाही. यात माझा मासा कुठे आहे?"

सू-रिमच्या हातातला वाडगा तसाच राहिला. तिने आईकडे बघितलं. आई गुडघ्यावर हात रोवून उठली. सावकाश चौकटीपाशी गेली. तिने काचेवर बोट ठेवलं, एका लाल वळणावर, जे बिचारं कुठल्याच मारेकऱ्याचं नव्हतं.

"इथं," ती म्हणाली.

ह्यो-गन पुढे वाकला. चष्मा कपाळावर सरकवून, काचेला नाक लागेल इतका जवळ गेला. "इथं," त्याने म्हटलं. मग मान हलवली, एकदा, पुन्हा एकदा. "वाटलंच होतं मला. त्या दिवसापासून वाटत होतं. दालनात ओरडलो, ते तू ओरडायच्या आधी ओरडावं म्हणून."

बोक-सिलचं बोट काचेवरच होतं. तिने इतकी वर्षं ज्याची वाट बघितली होती तो चेहरा तिच्या हाताच्या अंतरावर होता, आणि त्याचा रंग खरंच उडाला होता. सू-रिमला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल. तिच्याकडे साठवलेलं पुष्कळ होतं. बोक-सिलने काचेवरचं बोट काढलं आणि त्याचा ठसा बाहीने पुसला.

ह्यो-गन दाराशी गेला. जोडे घातले. मग वाकून, जोड्यांजवळचा डबा दोन्ही हातांनी उचलला.

"आता न्यायला हरकत नाही," तो म्हणाला, आणि डबा छातीशी धरून पायऱ्या उतरला.

गाडी गेली. "आई," सू-रिम म्हणाली.

"भांडी आण."

"आई, खोटं सांगितलंस तू त्यांना."

"हो, सांगितलं. तू होतीस ना उभी? तू का नाही बोललीस?" बोक-सिलने नळ मोठा सोडला. "मला हवं होतं ते मिळालं. त्याने कबूल केलं. स्वतःच्या तोंडाने केलं. आणखी काय पाहिजे असतं माणसाला?"

पण त्या रात्री ती गुणगुणली नाही. सकाळी सू-रिम ग्वांगजूला निघण्याआधी दुकानात गेली, तेव्हा किटली उकळत होती. झाकण कधीपासून थडथडत होतं. बोक-सिल समोर उभी होती. शेवटी तिने किटली उचलली आणि पाटावर ओतली.

"आज 'गरम गरम घे' असा आशीर्वाद नाही का?" पलीकडून उम बाईने विचारलं.

"घसा बसलाय," बोक-सिल म्हणाली.

त्या शरदात ती गेली. दुकानातच, टोप उतरवताना खाली बसली आणि उठली नाही. उम बाई म्हणाली, बसतानाही टोप सांडू दिला नाही हो तिने. मागाहून रजया काढताना सू-रिमला फडक्यातली सुरळी मिळाली, ठेवली होती तशीच.

तिचा शेवटचा फोन ती गेली त्याच्या आदल्या दिवशीचा. सू-रिम प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होती. आई किमचीच्या कोबीबद्दल बोलली, या वर्षी तो कसा पोकळ आहे, ज्वीपो कसा लठ्ठ झालाय, उम बाईच्या जावयाने कशी निळी गाडी घेतली. ठेवता ठेवता म्हणाली, "आणि ऐक. तुझ्या मोठ्या काकांकडे माझा डबा राहिलाय. त्यांनी परत पाठवला नाही. येशील तेव्हा जाऊन घेऊन ये."

"बरं."

"आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

"काय नेऊ?"

"ते मी काय सांगू? तुला कळेल ते ने. डबा मात्र विसरू नकोस, निळ्या झाकणाचा आहे."